लाकडी लेथची हत्यारं बनवण्याचा छोटा कारखाना: खान्देशात सुरुवात कशी करावी

लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, लाकूड कातणाऱ्या कारागिराच्या हातातलं हत्यार बऱ्याचदा दुकानातलं नसतं. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा लोहाराकडून ठोकून घ्यायचा, बाभळीच्या दांड्यात बसवायचा आणि काम सुरू. चालतंही ते. पण एक हत्यार चार दिवस धार धरतं आणि त्याच पाट्याचं दुसरं दुपारपर्यंत बोथट होतं, कारण दोघांना पाणी, म्हणजे तापवून विझवल्यावर येणारा कडकपणा, सारखं लागलेलं नसतं. तुमच्या धंद्याला जागा आहे ती या फरकात. पहिलं हत्यार आणि पन्नासावं हत्यार एकाच तोलाचं निघालं, तरच गिऱ्हाईक परत येतं. एक उत्तम पटाशी बनवणारे हात गावोगाव सापडतील, पन्नास सारख्या बनवणारे फार कमी.

म्हणून क्रमाबद्दल आमचा आग्रह आहे. भट्टी लागत नाही ते हत्यार आधी, भट्टीतलं नंतर आणि पन्हाळीसारखी खोलगट असलेली गोल पटाशी सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात. गोल पटाशी देखणी असते, म्हणून तिथून सुरुवात होते आणि पहिली दोन-तीन महिन्यांची कमाई भंगारात जाते.

गिऱ्हाईक दोन प्रकारचं

एक गिऱ्हाईक इथलंच. पोळपाट-लाटणी, खाटेचे पाय, पाळणे, झोपाळ्याचे दांडे, जिन्याचे कठडे करणारे कारागीर जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आहेत. ते दिवसाला आठ तास हत्यार चालवतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘भाऊ, धार किती दिन टिकी?’ त्यांना गोल पटाशी, तिरकी पटाशी आणि कापणी पटाशी लागते. चकचकीत दांड्याला ते जास्तीचा रुपया देणार नाहीत. हत्यार चार दिवस वापरायला द्या, मग पैशाचं बोला.

दुसरं गिऱ्हाईक हौशी. पुणे, मुंबई, बंगळुरूकडे छोटा लेथ घेऊन पेन, वाट्या, फुलदाण्या करणारी मंडळी. त्यांना धार लावायचा कंटाळा असतो, म्हणून कार्बाइडची (पोलादाहून कितीतरी कठीण पदार्थाची) पाती बदलता येणारं हत्यार आवडतं. ते फोटो बघून घेतात, त्यामुळे शेंबीवरचा, म्हणजे दांड्याच्या तोंडावरच्या धातूच्या कड्यावरचा, एक ओरखडादेखील तक्रार होऊन परत येतो. दोघांना एकच माल दाखवू नका.

पहिलं हत्यार: कार्बाइडचं

यात भट्टी नाही, पाणी देणं नाही. कार्बाइडची पाती, म्हणजे इन्सर्ट, तयार विकत मिळते. तुम्ही बनवायची ती पोलादी दांडी, पातीची बैठक आणि धरायचा लाकडी दांडा. सगळं कसब बैठकीत आहे, म्हणून तिथेच थोडं थांबू.

दांडीसाठी १२ × १२ मिमीचा चौकोनी ब्राइट बार (गुळगुळीत, नेमक्या मापाचा पोलादी बार) घ्या. ईएन८ हे साधं कार्बन पोलाद चांगलं. एसएस ३०४ हे स्टेनलेस गंजत नाही, पण चिवट असल्यामुळे आटे पाडताना टॅप, म्हणजे आटे पाडायची हत्यारं, तुटतात. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. चौकोनी दांडी लेथच्या टेकूवर सपाट बसते आणि हातात फिरत नाही, हा शिकाऊ माणसाला मोठा आधार.

लांबी ३०० नाही, २९८ मिमी ठेवा. कारण साधं आहे. ३ मीटरच्या बारमधून ३०० मिमीचे तुकडे कापले तर करवतीच्या प्रत्येक कापात २ मिमी जातात आणि शेवटी ९ तुकडे हातात येतात. २९८ ठेवले की बरोबर १० निघतात. १२ × १२ × २९८ मिमीच्या तुकड्याचं वजन सुमारे ३३७ ग्रॅम भरतं. खरेदीचा हिशोब या आकड्यावर करा.

इन्सर्ट १५ × १५ × २.५ मिमीचा, चारही बाजूंना ३० अंशांचा उतार असलेला घ्या. उतारामुळे त्याचा तळ वरच्यापेक्षा लहान असतो, जवळपास १२.१ मिमी. म्हणजे १२ मिमीच्या दांडीवर तो जवळजवळ नेमका बसतो आणि वरची धार दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमी बाहेर राहते. ही जोडी म्हणूनच सोयीची. १० मिमीच्या दांडीवर हाच इन्सर्ट लावला तर कडा अधांतरी राहतात आणि गाठीचं लाकूड लागलं की टवका उडतो.

बैठक अशी करा:

१. दांडीच्या टोकापासून १३ मिमी मागेपर्यंत १.५ मिमी खोल सपाट खाच मिलिंगवर (फिरत्या कटरने धातू कापणाऱ्या यंत्रावर) काढा. २.५ मिमी खोल काढायचा मोह होतो, कारण मग इन्सर्ट आणि दांडी वरून एका पातळीत दिसतात. पण तसं केलं की मागच्या भिंतीला इन्सर्टची वरची धारच टेकते आणि स्क्रू आवळताना ती कोपऱ्यातून फुटते. दीड मिमीची भिंत उताराच्या मध्यावर टेकते, धारेला शिवत नाही.

२. टोकापासून ६.१ ते ६.२ मिमीवर भोक मारा. नेमकं मध्य काढलं तर ६.०५ येतं. भोक केसभर मागे ठेवायचं, म्हणजे स्क्रू आवळताना इन्सर्ट मागच्या भिंतीवर ओढला जातो. भोक पुढे सरकलं तर इन्सर्ट भिंतीपासून सुटा राहतो आणि काम करताना स्क्रूभोवती फिरतो.

३. आटे एम५ असतील तर ४.२ मिमीचं ड्रिल, एम४ असतील तर ३.३ मिमीचं. इन्सर्टचं भोक आणि स्क्रूच्या डोक्याचा उतार दोन्ही हातात घेऊन मोजा, मगच आट्यांचं माप ठरवा. कंपनी बदलली की भोकही बदलतं.

४. नाकाखालून ३० अंशांचा उतार घासा, नाहीतर दांडीचं नाक लाकडावर घासतं आणि गिऱ्हाईक म्हणतं पातीला धारच नाही.

५. बैठकीतला बर, म्हणजे कापताना कडेला उठलेले बारीक काटे, कानसीने आणि मग दगडाने काढा. बोट फिरवून भागत नाही. बैठकीला निळा मार्किंग रंग लावा, इन्सर्ट दाबा, उचला. तळाला रंग सगळीकडे लागला तर बैठक सपाट. फक्त मधे लागला तर ती पोटातून फुगलेली आहे आणि तो इन्सर्ट आज ना उद्या तडकणार. कार्बाइड कठीण असतं पण वाकत नाही. खाली पोकळी असेल तर ते सरळ फुटतं.

मिलिंग मशीन घ्यायची घाई नको. जळगावच्या एमआयडीसीत, धुळ्याच्या अवधानला किंवा नाशिकच्या सातपूर-अंबडला जॉबवर्क करणारे मिळतात. ड्रॉइंगवर मापं आणि सूट दोन्ही लिहा, उदाहरणार्थ १.५ ± ०.०५. आधी दोन सँपल करून घ्या, इन्सर्ट बसवून बघा, मग ५० नगांची ऑर्डर द्या. पाच नगांना आणि पन्नास नगांना सेटिंगचा वेळ सारखाच लागतो, त्यामुळे पाच नग करून घेणं महागात पडतं.

याच दांडीवर गोल इन्सर्टचं दुसरं हत्यार होतं. चौकोनी इन्सर्ट दंडगोल कामाला, गोल इन्सर्ट वाटीच्या आतल्या बाजूला. पहिल्या सहा महिन्यांत एवढी दोनच हत्यारं विका.

गिऱ्हाईकाला दोन गोष्टी लेखी द्या. हे हत्यार टेकूवर सपाट आडवं धरायचं, धार लाकडाच्या मध्यरेषेवर. आणि टेकूच्या पुढे दांडी जाडीच्या पाचपटीहून जास्त काढायची नाही, म्हणजे १२ मिमीच्या दांडीला ६० मिमी. जास्त काढली की हत्यार थरथरतं, लाकडावर लाटा उठतात आणि खापर इन्सर्टवर फुटतं.

दुसरा टप्पा: पाणी देणं

पाणी देणं म्हणजे पोलाद लाल तापवून तेलात विझवून कडक करणं. कापणी पटाशी आणि सपाट स्क्रेपर (खरवडायचं हत्यार) हे भट्टीतले पहिले दोन. यासाठी कमानपाटा नको. पाट्यात कार्बन किती हे कोणी सांगत नाही आणि लाखो हिसके खाऊन त्यात न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असतात. स्वतःच्या वापराला ठीक, पण विकायच्या मालाला जात माहीत असलेलं पोलाद हवं. ओएचएनएस घ्या. हे तेलात कडक होणारं टूल स्टील, ज्यात साधारण ०.९ टक्के कार्बन असतो. बिलावर ग्रेड लिहून घ्या आणि प्रत्येक खेपेच्या पट्टीला वेगळा रंग मारा.

कापणी पटाशीसाठी ४ × २० मिमीची पट्टी, लांबी २०० मिमी. वजन सुमारे १२६ ग्रॅम. आकार, शेपटी (दांड्यात जाणारं टोक), भोकं सगळं आधी करून घ्या, पण धार काढू नका. धारेच्या जागी किमान १ मिमी जाडी ठेवा. पातळ धार भट्टीत आधी तापते, तिच्यातला कार्बन जळतो आणि तेलात गेली की वाकते किंवा तडकते.

छोटी मफल भट्टी (बंद पेटीसारखी विजेची भट्टी), १००० अंशांपर्यंत जाणारी, तापमान नियंत्रक असलेली, एवढी पुरते. ७९० ते ८२० अंश सेल्सिअस हा ओएचएनएसचा टप्पा. ८०० वर लावा आणि पट्टी पूर्ण तापल्यावर दहा मिनिटं राहू द्या. नियंत्रकाच्या आकड्यावर डोळे मिटून भरवसा नको. तारेला बांधलेला चुंबक धरून बघा. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला धरणं सोडतं. चुंबक सुटला आणि आकडा ७०० दाखवत असेल तर थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, चुकीच्या जागी बसलाय.

तेल ५० ते ६० अंशांवर असावं. इथे खान्देशचं हवामान मधे येतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा शेडमधलं तेल जवळजवळ तयारच असतं. उलट पाच-सहा पट्ट्या विझवल्या की ते इतकं तापतं की पुढच्या पट्ट्यांना पाणी कमी चढतं. तेव्हा तेलाचा डबा मोठा ठेवा, किमान २० लिटर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हेच तेल १० अंशांवर घट्ट झालेलं असतं. त्यात पट्टी घातली तर वाफेचा पापुद्रा अंगाला चिकटून राहतो आणि ठिपक्या-ठिपक्यांनी मऊ जागा राहतात. तेव्हा एक तापलेला लोखंडी तुकडा आधी तेलात सोडायचा, थर्मामीटर बघायचा, मग माल. उन्हाळ्यात भट्टी पहाटे पाचला पेटवून नऊपर्यंत उरका. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये भट्टीसमोर उभं राहणं हा शौर्याचा विषय नाही.

पट्टी तेलात सरळ उभी घाला आणि वर-खाली हलवा. आडवी हलवली की एक बाजू आधी थंड होते आणि पट्टी केळ्यासारखी वाकते. काढल्यावर अजून धूर निघत असतानाच दोन जाड सपाट लोखंडी ठोकळ्यांमध्ये दाबून ठेवा. पूर्ण थंड झाल्यावर सरळ करायला गेलात तर मोडेल. पाण्यात तर घालूच नका, ओएचएनएस पाण्यात तडकतं. जळकं इंजिन ऑइलही नको. धूर घातक असतो आणि ते लवकर पेट घेतं. डब्याला घट्ट झाकण आणि शेजारी वाळूची बादली, ही दोन्ही हाताशी असल्याशिवाय भट्टी पेटवू नका.

आता कानस फिरवा. ती घसरली पाहिजे, चावली नाही पाहिजे. मग लगेच, म्हणजे त्याच सकाळी, २०० अंशांवर दोन तास ठेवा, थंड होऊ द्या आणि परत दोन तास. ठिसूळपणा घालवणाऱ्या या कामाला उतरवणं म्हणतात. घरगुती ओव्हन चालतो, पण आत वेगळा थर्मामीटर ठेवा, त्याच्या बटणावरचे आकडे अंदाजाचे असतात. अशी पट्टी साधारण ६० रॉकवेलला (कडकपणा मोजायचं माप) येते. ‘संध्याकाळी बघू’ म्हणून न उतरवलेली पट्टी ठेवली तर कधीकधी टेबलावर पडल्यापडल्या ‘टिक’ आवाज करून चिरते.

प्रत्येक खेपेत एक छोटा तुकडा बळीचा ठेवा. त्याला पाणी द्या, उतरवू नका, फडक्यात गुंडाळून शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून मोडा. मोडलेली बाजू मऊ राखाडी, मखमलीसारखी बारीक दिसली तर खेप चांगली. साखरेचे दाणे चमकावेत तशी दिसली तर भट्टी जास्त तापली होती आणि ती सगळी खेप कामात तुकडे पाडेल. चष्मा घालूनच मोडा.

शेपटी कडक राहता कामा नये. धारेचा भाग पाण्यात बुडवून ठेवा आणि शेपटी व तिचा खांदा गॅस बर्नरने निळा होईपर्यंत तापवा. खांद्याचा कोपरा काटकोनी नको, गोलाई हवी. दांड्यातून मोडलेली बहुतेक हत्यारं त्याच कोपऱ्यात मोडलेली असतात.

शेवटी घासाई. ओएचएनएस घासताना निळं पडलं की त्या जागेचं पाणी उतरलं, तो भाग घासून टाकण्यावाचून इलाज नाही. म्हणून दर चार-पाच सेकंदांनी पाण्यात बुडवायचं आणि धारेचा शेवटचा अर्धा मिमी अगदी हलक्या हाताने. कापणी पटाशी धारेशी ३.५ आणि मागे अंगात ३ मिमी ठेवा, नाहीतर ती लाकडाच्या खाचेत अडकते, करपते आणि हातातून उडते.

गोल पटाशी आणि हायस्पीड स्टील

इथे एम२ हायस्पीड स्टील लागतं. त्यात साधारण ६ टक्के टंगस्टन, ५ मॉलिब्डेनम, ४ क्रोमियम आणि २ व्हॅनेडियम. याला १२०० अंशांच्या आसपास तापवून ५५० च्या जवळ दोन-तीनदा उतरवावं लागतं, जे घरच्या भट्टीचं काम नव्हे. मऊ अवस्थेतला १२ मिमीचा गोल बार घ्या, बॉलनोज कटरने (गोल टोकाच्या कटरने) लांबीत पन्हाळ पाडून घ्या आणि नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे खेप पाठवा. ते किलोवर पैसे घेतात. ६२ ते ६४ रॉकवेल मागा आणि रिपोर्ट कागदावर घ्या. ३०० मिमीची एक दांडी साधारण पावणेतीनशे ग्रॅम भरते, म्हणजे २० नगांची खेप साडेपाच किलोची. पाठवायच्या आधी प्रत्येक नगावर नंबर पंच करा.

पन्हाळ आतून गुळगुळीत करणं सगळे विसरतात. धार म्हणजे दोन पृष्ठभाग भेटतात ती रेघ. बाहेरचा उतार आरशासारखा घासला आणि पन्हाळीत कटरचे चरे राहिले, तर धार सूक्ष्म करवतीसारखी निघते. लाकडी गोल काठीवर एमरी गुंडाळा, आधी १२०, मग २२०, मग ४००. लांबीच्या दिशेने, आडवी नाही.

हायस्पीड स्टील घासताना निळं पडलं तर घाबरायचं कारण नाही, ते ५०० अंशांपर्यंत कडकपणा सोडत नाही. पण तापलेलं असताना पाण्यात बुडवू नका, धारेवर बारीक चिरा पडतात. म्हणजे ओएचएनएसच्या अगदी उलट. एकाच ग्राइंडरवर दोन्ही घासत असाल तर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. कार्बाइड साध्या दगडावर घासलंच जात नाही, त्याला डायमंड लागतो.

धारेचे कोन असे धरा: दंडगोल कामाची गोल पटाशी ३० ते ३५ अंश, वाटीची ४५ ते ६०, तिरकी पटाशी दोन्ही बाजू मिळून २५ ते ३०, स्क्रेपर ७० ते ८०. पुठ्ठ्याऐवजी पत्र्याचे साचे कापून ठेवा. पुठ्ठा आठवड्यात झिजतो.

एक इशारा प्रत्येक रुंद रफिंग पटाशीवर (चौकोनी लाकूड आधी गोल करायच्या पटाशीवर) छापा: ‘वाटीच्या कामाला वापरू नये.’ रुंद रफिंग पटाशीची शेपटी बारीक असते. वाटीच्या लाकडातल्या आडव्या दोऱ्यात (लाकडाच्या तंतूंत) ती अडकली तर शेपटी मोडते आणि अर्धा किलो पोलाद तोंडाकडे येतं. ही सूचना न लिहिता ते हत्यार विकणं गुन्ह्यासारखं समजा.

दांडा आणि शेंबी

लाकडाच्या बाबतीत खान्देश नशीबवान. बाभूळ आणि कडुनिंब वखारीत सहज मिळतात आणि दोन्ही दांड्याला चालतात. बाभूळ जास्त चांगली, हिसका पचवते. सातपुड्याकडचं अंजन लोखंडासारखं कठीण, पण कातायला जड आणि त्यात कायद्याची भानगड. सागवान, खैर, तिवस, अंजन ही महाराष्ट्र वृक्षतोड कायदा, १९६४ च्या यादीतली झाडं आहेत. त्यांचं लाकूड घ्यायचंच असेल तर वन खात्याच्या डेपोतून किंवा परवानाधारक वखारीतून पक्क्या बिलावर, वाहतूक परवान्यासह घ्या. ‘ओळखीचा माणूस आणून देतो’ हा मार्ग धंद्यासकट जप्त होण्याचा आहे.

लाकूड वाळलेलं हवं, ओलावा १२ टक्क्यांच्या खाली. पावसाळ्यात कातलेला ओला दांडा मेमध्ये आकसतो आणि शेंबी, जिला कारागीर फेरूल म्हणतात, ती बांगडीसारखी फिरायला लागते. तुमच्या मालाची पहिली तक्रार हीच असेल. उपाय असा: दांड्याचे चौकोनी ठोकळे ५० मिमी जाडीचे कापून टोकांना मेण किंवा रंग लावा आणि सावलीत सहा-आठ महिने रचून ठेवा. घाई असेल तर एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली, थेट उन्हात नाही. एका ठोकळ्यावर वजन लिहा आणि आठवड्याने परत तोला. वजन उतरायचं थांबलं की कातायला घ्या.

दांड्याची लांबी छोट्या हत्याराला २५० ते ३०० मिमी, गोल पटाशीला ४०० पेक्षा जास्त. जाडी ३० ते ३५. शेंबीसाठी पितळी पाइपचा २५ मिमीचा तुकडा घट्ट ठोकून बसवा. भोक शेंबी बसवल्यानंतर मारा, आधी मारलं तर ठोकताना लाकूड उभं फाटतं.

भोक ७५ ते १०० मिमी खोल, दांडीपेक्षा किंचित सैल, आणि इपॉक्सी. दांडीच्या एका बाजूला ग्राइंडरने लांबसडक बारीक खाच पाडा. ती नसेल तर आत कोंडलेली हवा दांडी हळूहळू बाहेर ढकलते आणि सकाळी बघावं तर हत्यार १० मिमी वर आलेलं असतं. उन्हाळ्यात इपॉक्सी थोडी-थोडीच मिसळा. डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या निम्म्यात ती वाटीतच गोठते.

जागा आणि यंत्रं

१० × २० फुटांची शेड पुरते, पण मधे भिंत हवी. एकीकडे ग्राइंडर आणि भट्टी, दुसरीकडे लाकूड. ठिणगी आणि लाकडाचा भुसा एका खोलीत नांदत नाहीत. घर शेतात असेल तर ग्राइंडरचं तोंड पऱ्हाट्यांच्या गंजीकडे नको, हे सांगायला लागू नये पण लागतं.

यादी छोटी: ८ इंची बेंच ग्राइंडर, जमलं तर १४४० फेऱ्यांचा कारण २८०० वर माल लवकर जळतो; २ × ७२ इंचांचा बेल्ट ग्राइंडर; १३ मिमीचा पिलर ड्रिल; मफल भट्टी; आणि एक लाकडी लेथ. लेथ दांडे कातायला तर लागतोच, पण प्रत्येक हत्यार पाठवण्याआधी ५० मिमीच्या वाळक्या बाभळीवर १५०० फेऱ्यांना दोन मिनिटं चालवून बघायला जास्त लागतो. बाभळीत गाठी मिळतात, आणि गाठीवर खरं काय ते कळतं. गावठाणातल्या एकफेजी जोडणीवर हे सगळं एकाच वेळी चालणार नाही. भट्टी आणि बेल्ट ग्राइंडर आळीपाळीने चालवा किंवा महावितरणकडे तीनफेजी जोडणी मागा.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. आधार आणि पॅन पुरतात. कोणी पैसे मागितले तर तो दलाल. राज्यातल्या राज्यात मालविक्रीला जीएसटीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची, पण परराज्यातल्या गिऱ्हाईकाला माल पाठवायचा असेल तर पहिल्या नगापासून नोंदणी लागते. बंगळुरूच्या हौशी मंडळींना विकायचं असेल तर ती आधीच काढा. लाकूडकामाच्या पटाश्या एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) ८२०५ मध्ये येतात. डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीचा फोन छापणं बंधनकारक आहे.

भांडवलासाठी दोन दारं ठोठवा. जिल्हा उद्योग केंद्रातून राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम किंवा केंद्राचा तसाच पीएमईजीपी, दोन्हींत अनुदान कर्जाला जोडलेलं असतं. आणि कारागिरांसाठीची केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना, जी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत सुतार आणि लोहार आहेतच, पण ‘हातोडा व अवजारसंच बनवणारे’ हाही वेगळा व्यवसाय आहे, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख असं कर्ज. कुटुंबातल्या एकालाच मिळतं. गेल्या पाच वर्षांत पीएमईजीपीसारखं कर्ज घेतलं असेल तर मिळत नाही, म्हणून कोणतं दार आधी ते विचार करून ठरवा.

भाव काढणं

पद्धत कळावी म्हणून आकडे धरू, तुमचे तुम्ही घाला. कार्बाइडचं एक हत्यार: बार ३०, इन्सर्ट २००, स्क्रू १०, जॉबवर्क १२०, दांड्याचं लाकूड ४०, शेंबी २५, इपॉक्सी-पॉलिश २०, पॅकिंग ४५. तुमची ५० मिनिटं, तासाला १५० रुपयांनी १२५. बेरीज ६१५. शंभरात पाच नग वाया जातातच, त्याचे ३१. वीज, बेल्ट, भाडं ६०. झाले ७०६.

आता हे ८०० ला विकलं तर फायदा दिसतो, पण धुळ्याच्या आग्रा रोडवरचा हार्डवेअरवाला किमान २५ टक्के मागणार. म्हणून किंमत ११०० धरा, त्याला ८२५ ने द्या, वर १८ टक्के जीएसटी. थेट गिऱ्हाईकालाही ११०० च घ्या. स्वतःच्या दुकानदाराखाली भाव पाडला की तो तुमचा माल मागच्या फळीवर टाकतो. आणि स्वतःची ५० मिनिटं हिशोबातून गाळू नका. ‘आपलेच हात आहेत’ म्हणणाऱ्याचा धंदा पहिला कामगार ठेवायच्या दिवशी तोट्यात जातो.

पाठवणी आणि तक्रारवही

कुरियरवाले आकारमानाचं वजन लावतात: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. ६० × ८ × ६ चा डबा ०.५८ किलो होतो आणि आतला माल त्याहून थोडा जडच असतो, म्हणजे ठीक. पण डबा १० × १० केलात तर १.२ किलोचे पैसे जातील. बिनदांड्याचं हत्यारही विकायला ठेवा. कातकामाच्या हौशी माणसाला दांडा स्वतः कातायचा असतोच, आणि डबा ३२ सेंमीवर येतो.

पोलादाला तेलाचा हात, मग गंजरोधक कागद. साधं वर्तमानपत्र पावसाळ्यात ओल धरतं आणि चार दिवसांत अक्षरांसकट गंज उमटतो. धारेवर रबरी नळीचा तुकडा चढवा, नाहीतर ती डब्यातून बाहेर येते आणि पोस्टमनचा हात कापते. सोबत एक जादा स्क्रू आणि चावी टाका. स्क्रू हरवला म्हणून हत्यार पडून राहिलं, तर नवा इन्सर्टही कोणी मागत नाही.

प्रत्येक हत्याराच्या शेपटीजवळ खेपेचा नंबर पंच केलेला असू द्या आणि वहीत त्या नंबरापुढे पोलादाची खरेदी, भट्टीचं तापमान, तेलाचं तापमान, बळीच्या तुकड्याचा निकाल. तक्रार आली की आधी नंबर विचारा. एकाच खेपेची तिसरी तक्रार आली तर चौथी यायची वाट न बघता त्या खेपेच्या सगळ्या गिऱ्हाईकांना फोन करा आणि माल परत मागवा.